पाठकोऱ्या वह्या

शनिवार, ७ सप्टेंबर

ताई,

हे पत्र मी टपालपेटीत टाकणार नाही. माझ्या हाताने तुझ्या हातात देणार आहे, कारण वाचताना तुझं तोंड कसं होतं ते मला बघायचंय. फोन तू उचलत नाहीस, तेव्हा तोंड बघायला यावंच लागणार.

तुझं कार्ड मिळालं. 'पंचवीस ऑक्टोबरला समुद्रापलीकडे निघते. पाच वर्षांचा करार आहे. केस विंचरत जा. बाबांना सांगितलंस तरी चालेल, त्यांना काही फरक पडत नाही.' संपलं. दोन वर्षांनंतरही एवढंच, ताई? पोस्टमनसुद्धा म्हणाला, मजकुरापेक्षा तिकीट मोठं आहे. मी बाबांना सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर ते 'हं' म्हणाले असते, आणि ते 'हं' मला ऐकायचं नव्हतं.

त्यापेक्षा मी ठरवलं, तू जायच्या आत तुझ्याकडे यायचं. मी चौदा वर्षांची आहे, एकटीने गाडीत बसता येतं. रोज भूगोलाच्या तासाला मी बसतेच. खिडकीतून शेतं जातात, मग घरं, मग घरांवर घरं. तू तिसऱ्या मजल्यावर राहतेस असं मी ठरवून टाकलंय. दार निळं आहे. मी बेल वाजवते, तू ओल्या हातांनी दार उघडतेस, आणि नेमकं तेव्हाच सर माझं नाव घेतात आणि सगळा वर्ग हसतो. तू ठेवलेलं 'तंद्री' हे नाव आता शाळेतही चालतं, तुझ्या कृपेने.

तू म्हणशील, 'बाबांनीच मला हाकललं.' मला आठवतंय. तू कागदाच्या कटिंग मशीनवर होतीस, तोंडाने काहीतरी गुणगुणत होतीस, आणि बाबा एकदम ओरडले, "उद्यापासून दुकानात यायचं नाही. इथे तुझं काही काम नाही." आठ वर्षं तू त्यांच्या शेजारी उभी राहून पुस्तकं बांधलीस आणि एका वाक्यात काम संपलं. चौथ्या दिवशी तू बॅग घेऊन निघालीस तेव्हा मी दारात उभी होते. आई गेल्यापासून माझी वेणी घालणारी तू. मला वाटलं हे सगळं स्वप्नात चाललंय, म्हणून मी हाकसुद्धा मारली नाही. त्याची मला अजून लाज वाटते.

आता तिकिटाचं. बाबांकडे पैसे मागितले तर कशाला म्हणून विचारतील, आणि मला खोटं बोलता येत नाही, निदान तोंडावर. पण आमच्या शाळेत यंदापासून शनिवारी शेवटच्या तासाला व्हरांड्यात बाजार भरतो. मुलांनी वस्तू विकायच्या, पैसे मुलांचे. मोठ्या बाईंचा नियम एकच: वस्तू स्वतःच्या हातांनी केलेली हवी, दुकानातून आणून विकलेली चालणार नाही. एकीने कागदाची फुलं मांडलीत. एक जण जुन्या सायकलच्या ट्यूबच्या पिशव्या करतो. रबरवाली म्हणून माझ्या वर्गात एक मुलगी आहे, ती खोडरबराच्या मोठ्या लादीतून मासे आणि मांजरं कापते आणि कापणं हे हातकामच आहे असं बाईंना पटवून देते. ती पुढे मंत्री होईल.

मी वह्या विकते. तुझ्याच पद्धतीच्या, पाठकोऱ्या कागदांच्या. छापखान्यातून वाया गेलेले कागद घ्यायचे, छापलेली बाजू आत घालून घडी करायची आणि उघड्या कडा शिवायच्या. वरून सगळं कोरं, पोटात साबणाची जाहिरात. हे तूच मला शिकवलंस, तरी लिहिते आहे, कारण लिहिताना तू शेजारी बसून चुका काढते आहेस असं वाटतं.

आज पाच गेल्या.

तुझी,
तंद्री

शनिवार, २१ सप्टेंबर

ताई,

झालं! तिकिटाचे पैसे जमले. जाण्याचेच, परतीचं परतताना बघू.

वह्यांना एवढी मागणी येईल असं वाटलं नव्हतं. शाळेतले सगळे ज्या वहीत अभ्यास लिहितात ती त्यांच्या आईवडिलांनी घेतलेली असते. माझी वही त्यांनी स्वतःच्या खाऊच्या पैशांनी घेतलेली, त्यामुळे ती अभ्यासाला वापरत नाहीत. कुणी काय लिहितं ते दाखवत नाही. मधल्या सुट्टीत झाडाखाली सातआठ डोकी आपापल्या वहीत घुसलेली दिसली की मला वाटतं, मी वही नाही, छोटी छोटी दारं विकते.

परवा कागद संपले. टेबलाखालचा ढीग मीच संपवला होता. मग बाबांच्या स्टुलामागच्या फळीवर एक गठ्ठा सापडला, चांगला जाड कागद, कोरी बाजू वर. बाबा छापखान्यात गेले होते. आपल्या घरचा नियम तुला माहीत आहेच: पाठकोरा कागद कोऱ्या बाजूने वर ठेवायचा. खालच्या बाजूला काय आहे ते कधी कुणी बघतं का? वाया गेलेली छपाईच असणार. मी मूठभर मूठभर उचलले, पट्टीने घड्या मारल्या, डोळे खिडकीबाहेर. उन्हात कागदाची धूळ तरंगत होती आणि मी तुझ्या जिन्यावर पोचले होते. भानावर आले तेव्हा सात वह्या शिवून झाल्या होत्या. हात एकटेच काम करतात, हे आपल्या घराण्याचं वैशिष्ट्य.

आज सातही गेल्या. एक तर चक्क भूगोलाच्या सरांनी घेतली.

मी कधी येते ते अजून ठरवत नाही. ठरवलं की ते स्वप्न राहत नाही, आणि मला ते अजून थोडे दिवस हवंय.

तंद्री

गुरुवार, ३ ऑक्टोबर

ताई,

कसं सांगू कळत नाही, तर सरळच सांगते.

पाचवीत एक मुलगी आहे, पुढचे दोन दात पडलेली. सगळे तिला दातपडकी म्हणतात आणि तिला ते आवडतं. तिने माझी वही घेतली होती. मधल्या सुट्टीत ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"तुझ्या वहीच्या पोटात कुणीतरी लिहिलंय," ती म्हणाली.

"साबणाची जाहिरात असेल."

"नाही. कुणाचे तरी बाबा आहेत."

पानं जास्त मिळावीत म्हणून तिने घड्या पट्टीने फाडल्या होत्या. आत पेन्सिलीने लिहिलेलं. ते अक्षर मी झोपेतही ओळखेन, पावतीवर 'रोख मिळाले' लिहिणारं, एकेका अक्षराला दाबून बसवणारं. वर लिहिलं होतं, 'बाळ'. मला बाबा बाळ म्हणत नाहीत. ते फक्त तुला म्हणायचे.

ताई, ती वाया गेलेली छपाई नव्हती. ती तुला लिहिलेली पत्रं होती. दर रविवारी दुपारी ते दुकान लावून आत बसतात, मला वाटायचं हिशेब करतात. लिहून झालं की कागद पालथा करून फळीवर. जो कागद पालथा आहे तो या घरात कुणी उलटून बघणार नाही, हे त्यांना माहीत होतं. आणि मी नाहीच उलटला. घडी घातली, शिवला आणि विकला. तुझ्याकडे यायच्या तिकिटासाठी मी तुझीच पत्रं विकून आले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

त्या सहा पानांतलं थोडं लिहिते.

'बाळ, तीनशे पावतीपुस्तकं आज पुरी केली. तू असतीस तर दुपारीच झाली असती.'

'बाळ, धाकटीची वेणी घालायचा प्रयत्न केला. जमली नाही. ती रडली.'

मी रडले नव्हते. बाबा रडले होते. हे मी आज पहिल्यांदाच कुणाला सांगते आहे.

'बाळ, पत्ता पाठ आहे. पुढचंही सुचतं. सुरुवात कशी करावी ते सुचत नाही.'

मी हे सगळं उतरवून आजच टपालात टाकू शकते. पण तू विश्वास ठेवणार नाहीस. मागे वाढदिवसाच्या पत्रात मी बाबांच्या नावाने दोन ओळी लिहिल्या होत्या, 'तुझी फार आठवण येते' वगैरे. तू उलट टपाली एवढंच विचारलंस, बाबा 'वगैरे' कधीपासून म्हणायला लागले? तेव्हापासून माझं काही खरं वाटत नाही तुला, आणि चूक माझी आहे. म्हणून आता त्यांच्या अक्षरातलीच पानं आणायची. सगळी. ती गोळा करते आणि येते. पंचवीस तारखेच्या आत.

दातपडकीने वही परत दिली. बदल्यात तिने पैसे घेतले नाहीत. फक्त विचारलं, "त्या बाळला मिळणार ना?"

मिळणार, मी म्हटलं.

तंद्री

शनिवार, १२ ऑक्टोबर

ताई,

नाकी नऊ आले.

मी वह्या परत घेते आहे ही बातमी एका दिवसात शाळाभर पसरली. मग काय, भाव चढले. ज्यांच्या वहीच्या पोटात खरोखर साबण होता तेसुद्धा गुप्त खजिना असल्यासारखे वही छातीशी धरून फिरायला लागले. सातवीतल्या एकाने मला कोपऱ्यात नेऊन दबक्या आवाजात सांगितलं, "माझ्या वहीत काय निघालंय ते ऐकलंस तर चक्कर येईल." निघालं होतं खोकल्याच्या औषधाचं पत्रक.

शाळेच्या गोलकीपरकडे एक होती. त्याने तिच्यात आपण खाल्लेल्या गोलांची नोंद ठेवलेली, तारखेसकट. ती कुणाच्या हाती लागू नये म्हणून तो द्यायला तयार नव्हता. मी शपथ घेतली की ज्यांच्याकडे जाणार आहे त्यांना फुटबॉल कळत नाही. तुला कळतो हे मी बोलले नाही. पैसे मात्र त्याने दुप्पट घेतले. जुळ्या बहिणींकडे दोन होत्या, त्या एकदम म्हणाल्या, "चौपट." एकीकडे कविता होत्या. तिच्यासाठी मी त्या सगळ्या नव्या वहीत उतरवून दिल्या, अठ्ठावीस कविता, सगळ्या चंद्रावर.

भूगोलाच्या सरांसमोर मी किती वेळ उभी राहिले ते मलाच माहीत. शेवटी खरं सांगितलं. बाबा, तू, सगळं. सरांनी कपाटातून वही काढली आणि माझ्या हातात दिली. म्हणाले, "वाचू नकोस." मी वाचली. त्यात तासाला कोण कुठे हरवलेलं असतं त्याची यादी आहे. 'खिडकीजवळची: आज गाडीत.' 'खिडकीजवळची: आजही गाडीत. पोचली नाही.' त्यांना कसं कळलं, ताई? मी वर्गात मोठ्याने बोलते की काय?

सातवी रबरवालीकडे. तिकिटाच्या पैशांतलं जे उरलं होतं ते मी तिच्यासमोर ठेवलं. तिने वही उघडली. घड्या कापलेल्या होत्या आणि आतल्या बाजू स्वच्छ होत्या. गिऱ्हाईकांना दाखवायला तिला जुनं, दाबून लिहिलेलं काहीतरी हवं होतं. रबराचा मासा घेऊन तिने बाजारात सगळ्यांसमोर ती पत्रं खोडून दाखवली होती. बघा, कसलाही डाग राहत नाही.

"मला काय माहीत," ती म्हणाली. "वहीच्या आत पत्र असतं हे मला कोण सांगणार?"

खरंच आहे तिचं. ती रडायला लागली आणि मग मलाच तिची समजूत घालावी लागली. पैसे तिने घेतले नाहीत, पण आता त्यांत तिकीटही येत नाही. फार तर अर्ध्या वाटेपर्यंतचं.

तेरा दिवस उरलेत.

तंद्री

गुरुवार, १७ ऑक्टोबर

ताई,

खोडलेली पानं मी खिडकीशी नेऊन तिरकी धरली. बाबा दाबून लिहितात म्हणून अक्षरांच्या खाचा राहिल्यात. ऊन आडवं पडलं की एखादा शब्द वर येतो, कागद जरा हलला की बुडतो. दोन दुपारी मी तेच करत बसले. एवढं मिळालं: 'त्या दिवशी मशीनपाशी', मग बरंच काही नाही, मग 'तुझी बोटं', मग 'पातं', मग 'गुणगुणत होतीस', आणि खाली, 'म्हणून'. म्हणून काय, ते नाही. 'म्हणून'च्या पुढे रबरवालीने मनापासून काम केलंय.

ज्या एका गोष्टीसाठी तू दोन वर्षं फोन उचलत नाहीस ती गोष्ट त्याच पानावर होती. बाकी सहा वह्या मिळूनही ती नाही. मला काय झालं असेल ते कळल्यासारखं वाटतं, पण मला वाटण्याला काय किंमत आहे. तंद्रीला रोजच काही ना काही वाटत असतं.

मग मी बाबांसमोर गेले. ते पुठ्ठ्याला खळ लावत होते. मी सातही वह्या टेबलावर ठेवल्या आणि सगळं सांगून टाकलं, थांबले असते तर पुन्हा बोलता आलं नसतं. तुझं कार्डही पुढे ठेवलं.

बाबांनी ब्रश खाली ठेवला. हात पुसले. एक वही उचलून पाठ बघितली.

"शिवण कुठली घातलीस?"

"साखळी."

"पाठीला खळ?"

"नाही लावली."

"मग सुटतील," ते म्हणाले.

आणि त्यांनी धागे कापायला सुरुवात केली. एकेक पान सोडवून, पट्टीने घडी मोडून, समोर रचत गेले. माझ्याकडे बघितलंच नाही. पलीकडच्या बाजूला गोल होते, चंद्र होते, चित्रं होती. सरांच्या यादीवर ते थांबले.

"तीन आठवड्यांत अकरा वेळा?"

"झोपले नव्हते मी. जात होते."

"कुठे?"

"ताईकडे."

त्यांचा हात पट्टीवर तसाच राहिला. मग खोडलेली पानं आली. ती त्यांनी खिडकीशी नेली नाहीत. अंगठ्याने नुसती चाचपली.

"बाबा, इथे काय लिहिलं होतं? सांगा मला. मी तुमच्यासारख्या अक्षरात परत लिहून काढते."

"नको. ती ओळखते."

"मग तुम्ही लिहा."

"दोन वर्षं लिहितोच आहे की," बाबा म्हणाले. मग पानांच्या कडा जुळवत, "लिहून होत नाही ते."

कार्ड त्यांनी दोनदा वाचलं. शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं, 'काही फरक पडत नाही' वर. मी त्या 'हं'ची वाट बघत होते. ते आलं नाही. बाबांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवले नाहीत. मला इतकं रडू आलं की मी टेबलाखाली कागद शोधायचं नाटक केलं.

वरून आवाज आला, "गाडी किती वाजता असते?"

तंद्री

रविवार, २० ऑक्टोबर

ताई,

ही सगळी पत्रं तुझ्या हातात देणारा माणूस आत्ता तुझ्या दारात उभा असेल.

ते म्हणतील, या बाजूला काम होतं म्हणून आलो. काही काम नाही. दुकानाला कालपासून कुलूप आहे. छापखान्याचा माणूस दोनदा येऊन बघून गेला, कुणी वारलं की काय म्हणून. ते सबंध प्रवासात काही खाणार नाहीत, तेव्हा आधी पाणी दे आणि मग जे असेल ते वाढ. नको म्हणतील, तरी वाढ. खुर्चीच्या कडेला बसतील आणि पाकीट देऊन लगेच निघायची भाषा करतील. निघू देऊ नकोस.

मी बरोबर येते असं बाबांना म्हटलं नाही. त्यांनी दोनदा विचारलं, तुला यायचं नाही का? मी म्हटलं, चाचणी परीक्षा आहे. चाचणी परीक्षा कालच संपली. मला फार यायचं होतं, ताई. मी इतके दिवस त्या गाडीत बसलेय की मला तिच्या सगळ्या खिडक्या पाठ आहेत. पण मी आले असते तर तुम्ही दोघंही माझ्याशीच बोलत बसला असतात, माझ्या वेणीबद्दल आणि मार्कांबद्दल, आणि वेळ निघून गेली असती. मी शेजारच्या काकूंकडे आहे. काळजी नको.

पाकिटातली पानं नीट लावलेली आहेत. खोडलेली सगळ्यात वर ठेवलीत. ती उजेडात धरून वाचायचा प्रयत्न करू नकोस. त्यांच्यासमोर ठेव आणि विचार, बाबा, इथे काय होतं? आणि मग गप्प राहा. ते पाणी मागतील, दाराची बिजागरी बघतील, तुझ्या भिंतीच्या ओलीचा विषय काढतील. तू मध्ये बोलू नकोस. तुलाही त्यांच्यासारखंच मध्येच उठून जायची सवय आहे, म्हणून सांगते.

तुझं दार कुठल्या रंगाचं आहे ते मला कळवायची गरज नाही. तू जायचं ठरवलं असशील तर पंचवीसला जा. मी रडेन, पण मी आता मोठी होते आहे, मला वेणी घालता येते, वाकडी का होईना. पाच वर्षांनी मी एकोणीसची असेन आणि स्टेशनवर तुला घ्यायला येईन.

जा, ताई. पण त्यांचं ऐकून जा.

तुझी,
तंद्री